चुलीचा हिशेब
(फुलसावंगी येथे प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)

 

आज पाटी-पुस्तक थोडे बाजूला ठेवू. आज आपण चुलीविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "चूल काय शिकवता? ती तर आम्ही मायच्या मांडीवर बसून शिकलो." खरे आहे. चूल कशी पेटवावी हे तुम्हांला कोणी सांगायला नको. आम्ही बोलणार आहोत ते चुलीच्या हिशेबाविषयी. तुम्ही आता अंक लिहू लागला आहात. बेरीज-वजाबाकी येते. गुणाकार-भागाकारही येऊ लागला आहे. तोच गुणाकार-भागाकार आज चुलीपाशी कामाला लावू.

मागच्या आठवड्यात आम्ही गावात चार घरी जाऊन बसलो. एका घरी गॅसची टाकी कोपऱ्यात उभी होती. तिच्यावर फडके घातले होते आणि फडक्यावर तांब्या ठेवला होता. बाजूला मातीची चूल धगधगत होती. आम्ही विचारले, "मावशी, घरात टाकी असून चूल कशाला?"

मावशी म्हणाल्या, "टाकी सरून दोन महिने झाले, बाप्पा. एवढा पैसा एका दमात कुठून आणावा? रान हाय, पऱ्हाटी हाय. सरपन तर फुकट हाय."

एवढे बोलेपर्यंत मावशींना तीनदा खोकला आला.

तो 'फुकट' शब्द आमच्या मनात राहिला. आज त्याच शब्दाचा हिशेब मांडू.

गॅस महाग आहे, हे कोणी नाकारत नाही. २०२० च्या नोव्हेंबरात दिल्लीला घरगुती टाकीची किंमत ५९४ रुपये होती. २०२३ च्या मार्चमध्ये ती १,१०३ रुपये झाली. पुढे ती दोनदा उतरली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा ५० रुपयांनी चढली. असे का होते? आपला देश लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त गॅस परदेशांतून जहाजाने आणतो. तिकडे लढाई झाली, भाव चढला, की इकडे फुलसावंगीतल्या चहाचा खर्च वाढतो. तो भाव आपल्या हातात नाही. पण घरात काय जाळायचे, किती जाळायचे आणि कसे जाळायचे, हे आपल्या हातात आहे.

आता पहिला हिशेब.

साध्या मातीच्या चुलीत आपण १ रुपयाचे सरपण जाळले, असे समजा. त्यातली साधारण १० पैशांचीच धग भांड्याला लागते. बाकीची ९० पैशांची धग धुरात, वाऱ्यात, भिंतीत आणि आपल्या तोंडावर जाते. गॅसच्या शेगडीचे तसे नाही. तिथे रुपयातली साधारण ६५ पैशांची धग भांड्याला लागते. शिवाय गॅसची आच मूळचीच जास्त. म्हणून एका टाकीतला १४.२ किलो गॅस जेवढे शिजवतो, तेवढे शिजवायला साध्या चुलीला सुमारे अडीच क्विंटल वाळले सरपण लागते.

एक टाकी म्हणजे अडीच क्विंटल सरपण. हा आकडा लिहून ठेवा. आज आपल्याला तो पुष्कळदा लागेल.

जे घर सरपण विकत घेते त्याने टाकीच्या किमतीला २५० ने भागावे. हिशेब सोपा व्हावा म्हणून टाकी ९०० रुपयांची धरू. ९०० भागिले २५०, म्हणजे ३ रुपये ६० पैसे. सरपण किलोला ३ रुपये ६० पैशांहून महाग पडत असेल, तर साध्या चुलीपेक्षा गॅस स्वस्त! ५ रुपये किलोचे सरपण घेणारा माणूस ९०० रुपयांच्या कामाला १,२५० रुपये मोजतो. पण तो रोज थोडेथोडे मोजतो, म्हणून त्याला ते कळत नाही.

आता मावशींच्या फुकटच्या सरपणाकडे येऊ. डोक्यावर एका खेपेला किती किलो येते? फार तर २५. मग अडीच क्विंटलाला किती खेपा? दहा. एका खेपेला अर्धा दिवस धरा. रानात जायचे, वेचायचे, तोडायचे, मोळी बांधायची आणि उन्हातून परत यायचे. दहा खेपांचे पाच दिवस झाले. रोजी २५० रुपये समजा. पाच दिवसांचे १,२५० रुपये झाले. मग सरपण फुकट कुठे राहिले? ते टाकीहून महाग पडले.

हा हिशेब आम्ही मावशींच्या अंगणात मांडला, तेव्हा त्यांचे घरधनी बाजेवर बसले होते. ते हसून म्हणाले, "ते खरं हाय, पन तिच्या खेपेचे पैसे देते कोन?"

मंडळी, प्रश्न खरा आहे. मावशींच्या खेपेचे पैसे कोणी देत नाही. पण पैसे मिळत नाहीत म्हणून ती खेप फुकट होते का? मान दुखते ती मावशींची. पायात काटा मोडतो तो मावशींच्या. रानडुकराची धास्ती मावशींना. बायको माहेरी गेली आणि तीच मोळी बाजेवरच्या माणसाला चार दिवस आणावी लागली, तर तो तिला फुकट म्हणेल का? आपण एवढेच म्हणतो की घराच्या हिशेबात बाईच्या कष्टालाही एक खाना ठेवा. तो खाना रिकामा ठेवला तर सगळा हिशेब चुकतो.

त्या खान्याशेजारी आणखी एक खाना आहे. तो धुराचा. चुलीपाशी बाई बसते आणि तिच्या कडेवर लेकरू असते. धूर दोघांच्या छातीत जातो. त्याने जुनाट खोकला आणि दमा जडतो, लहान मुलांना न्यूमोनिया होतो, डोळ्यांत मोतीबिंदू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० सालचा अंदाज दिला आहे. घरातल्या धुराने त्या एका वर्षात जगभर ३२ लाख माणसे दगावली. औषधाची चिठ्ठी आणि दवाखान्याचे भाडे हेही चुलीच्याच खर्चात धरायला हवे.

मग काय, आजच चूल मोडून टाकावी? आम्ही तसे म्हणत नाही. हातात रोख पैसा नसतो, ही अडचण खोटी नाही. ज्वारीची भाकरी चुलीवरच चांगली होते, हेही तुम्ही आम्हांला सांगितले. आम्ही ती खाल्ली आहे. आमचे म्हणणे एवढेच की प्रत्येक कामाला त्याचे त्याचे जळण असावे. बैलाचे काम शेळीला सांगू नये आणि शेळीसाठी बैलाचा चारा संपवू नये.

चहा, दूध, भाजी, वरण, भात ही रोजची कामे गॅसवर करावी. चूल पेटायला आणि विझायला वेळ घेते. दोन कप चहासाठी चूल पेटवली तर अर्धे सरपण पेटवण्यातच जाते. भाकरी चुलीवर करायची तर एकदाच, सगळ्यांची मिळून करावी. आंघोळीचे पाणी मात्र गॅसवर तापवू नये. त्याला दुसरा उपाय आहे, तो पुढे सांगतो.

टाकी घेताना तीन गोष्टी वाचायला शिका. पहिली गोष्ट टाकीवरची. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावर लिहिलेले असते. त्यात १४.२ मिळवा. तेवढे वजन भरले पाहिजे. टाकी आणणाऱ्याला काट्यावर वजन करून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे, त्यात भांडण नाही.

दुसरी गोष्ट बँकेच्या पुस्तकातली. सवलतीचे पैसे खात्यात जमा होतात, हातात येत नाहीत. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली. तिच्यात २०२३ च्या ऑक्टोबरात टाकीमागे ३०० रुपये सवलत ठरली. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याची अन्नपूर्णा योजना काढली. त्यासाठी गॅसची जोडणी घरातल्या बाईच्या नावावर असावी लागते. असे नियम बदलत राहतात. म्हणून जोडणी कोणाच्या नावावर आहे आणि पैसे जमा झाले की नाही, हे स्वतः वाचून पाहा. विचारायला लाजू नका.

तिसरी गोष्ट दिनदर्शिकेवरची. टाकी लावली त्या तारखेवर खूण करा. सरली त्या तारखेवर दुसरी खूण करा. मधले दिवस मोजा. टाकी ४५ दिवस पुरली आणि ती ९०० रुपयांची असली, तर रोजचे २० रुपये झाले. रोज २० रुपये डब्यात टाकले तर टाकी सरेल त्या दिवशी पुढची टाकी डब्यात तयार असेल. ज्यांना हे एकट्याने जमत नाही त्यांनी बचत गटात ठरवावे. मोठी टाकी जड वाटत असेल, तर ५ किलोची लहान टाकीही मिळते.

आता चुलीकडे वळू. चूल ठेवायची तर ती सुधारून ठेवावी. ही गोष्ट आजची नाही. १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. महात्मा गांधी आणि जे. सी. कुमारप्पा यांनी तो उभा केला. तिथे बिनधुराच्या चुलीचे काम झाले आणि 'मगन चूल' नावारूपाला आली. पुढे १९८३ साली सरकारने सुधारलेल्या चुलींची मोहीम देशभर काढली. पुष्कळ घरी चुली बसल्या. पण धुराडे काजळीने भरले, ते कोणी साफ केले नाही. चूल फुटली, ती कोणी लिंपली नाही. मग बायांनी पुन्हा तीन दगड मांडले. यातून एक गोष्ट शिकावी. चूल बसवणे एक दिवसाचे काम आहे, ती राखणे रोजचे.

चांगल्या चुलीत रुपयातली १० नव्हे, २० पैशांची धग भांड्याला लागते. म्हणजे दहा खेपांच्या जागी पाच खेपा. चूल भांड्याच्या मापाची असावी. सरपण बोटाएवढे बारीक फोडून, थोडेथोडे सारावे. आत हवा खेळू द्यावी. आणि सरपण वाळलेले असावे. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ अर्धे पाणीच असते. ओले लाकूड जाळणे म्हणजे आधी ते पाणी आटवणे आणि मग जेवण शिजवणे. मिरगाच्या आधी सरपण छपराखाली गेलेच पाहिजे.

आपल्या भागात सरपण म्हटले की पऱ्हाटी. एका एकरातून साधारण दहा क्विंटल पऱ्हाटी निघते. हे मोठे धन आहे. पण त्यात एक चोर लपलेला असतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाची काय दशा केली, ते कोणी विसरले नसेल. ही अळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत झोपून राहते. आपण पऱ्हाटीचा ढीग बांधावर किंवा घरामागे रचतो आणि पुढच्या हंगामासाठी अळी जपून ठेवतो. पाऊस पडला, नवे कपाशीचे पीक उभे राहिले, की तिचे पाखरू उडून तिकडेच जाते. म्हणून शेतीखाते सांगते की फरदड घेऊ नका आणि पऱ्हाटीचे ढीग साठवू नका.

यातून मार्ग काय? वेचणी संपली की शेतात शेळ्या-मेंढ्या सोडा. त्या उरलीसुरली बोंडे खातात. पऱ्हाटी लवकर उपटा. राहिलेली बोंडे आणि कवड्या झाडून जागीच जाळा. पऱ्हाटीची मोळी सगळ्यांत आधी चुलीला लावा आणि उन्हाळ्यातच ती संपवा. जास्तीची पऱ्हाटी असेल तर यंत्राने तिची कुटी करून शेतात मुरवा. पावसाळ्यासाठी तुराटी आणि वाळलेला काटूक राखून ठेवा. कापूस बुडाला तर फुकटच्या सरपणाची किंमत हजारांत मोजावी लागते.

आता आंघोळीचे पाणी. मार्गशीर्ष-पौषात सकाळी गारठा पडतो. एक बादली कोमट पाणी करायला साध्या चुलीला सव्वा किलो सरपण लागते. घरात चार माणसे असली तर रोजचे पाच किलो झाले. महिन्याला दीड क्विंटल! म्हणजे निम्म्याहून जास्त टाकी नुसत्या आंघोळीत वाहून जाते. विजेच्या कांडीने तापवले तर बादलीला सुमारे ०.६ युनिट लागते. चार बादल्यांचे महिन्याला ७२ युनिट होतात. आणि विजेच्या दराला पायऱ्या असतात. १०० युनिटांपर्यंत एक दर आणि त्यापुढे चढता दर. या ७२ युनिटांनी तुम्ही वरच्या पायरीवर गेलात, तर बिल चटका देते. बिलावर 'एकूण वापर' लिहिलेला असतो. तो आकडा दर महिन्याला वाचा.

कांडी वापरायचीच तर जपून वापरा. बादली लोखंडाची नको. पाण्यात बोट घालून पाहू नका. आधी बटण बंद करा, मग खटका काढा, मग कांडी उचला, आणि त्यानंतरच पाण्याला हात लावा. लेकरांना जवळ येऊ देऊ नका.

याहून सोपा उपाय आपल्या अंगणात रोज उगवतो. हंडा बाहेरून काळा करा. सकाळी पाण्याने भरून झाकण घाला आणि उन्हात ठेवा. वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा. दुपारपर्यंत पाणी कोमट होते. ज्यांना जमेल त्यांनी दुपारी आंघोळ करावी. म्हातारी माणसे आणि लहान लेकरे यांना तर दुपारच बरी. ज्यांना पहाटे कामावर जायचे आहे त्यांनी भाकरी झाल्यावर उरलेल्या विस्तवावर पाण्याचे भांडे ठेवावे. तो विस्तव एरवी वायाच जातो.

थंडीत आणखी एक सांभाळा. रात्री बंद खोलीत विस्तवाची शेगडी ठेवून झोपू नका. कोळशातून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच राहतो. त्यापेक्षा दाराच्या फटीला पोते लावा. टिनाच्या छपराखाली चटई किंवा गोणपाट ताणून बांधा. जाड गोधडी घ्या. ऊब आत राखली की सरपण जाळावे लागत नाही.

काही घरी विजेची शेगडीही आली आहे. तिचा हिशेब असा. एक टाकी म्हणजे साधारण १४५ युनिट. तुमच्या शेवटच्या युनिटाचा दर १४५ ने गुणा आणि टाकीच्या किमतीशी ताडून पाहा. दर ६ रुपये असेल तर ८७० रुपये होतात, म्हणजे गॅसच्या जवळपास. दर १० रुपये असेल तर १,४५० होतात. मग गॅस बरा.

ज्यांच्या दावणीला चार-पाच जनावरे आहेत त्यांनी गोबरगॅसचा विचार करावा. रोज ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. त्यावर दोन घनमीटरचे यंत्र चालते आणि पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. गोवरी जाळली तर शेणातले खत जळून जाते. गोबरगॅसमध्ये गॅसही मिळतो आणि खतही उरते. एका शेणाची दोन पिके! देहू गावच्या डॉ. मापुसकरांनी तर संडासही अशा यंत्राला जोडून दाखवले. २०१७ साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली. पण जनावरे विकायची असतील किंवा रोज शेण कालवायला घरात माणूस नसेल, तर या वाटेला जाऊ नये. अशी बंद पडलेली यंत्रे गावोगाव दिसतात.

जळण कोणतेही असो, काही सवयी सगळीकडे लागू आहेत. भांड्यावर झाकण ठेवा. तूर डाळ तासभर आधी भिजवा. मठ, हरभरा, बरबटी रात्रीच भिजत घाला. कुकर असेल तर वापरा. उकळी आली की आच कमी करा. पाणी उकळू लागल्यावर आच मोठी केल्याने ते लवकर शिजत नाही, नुसते आटते. भाताला चार उकळ्या आल्या की भांडे उतरवा, घट्ट झाका आणि टोपलीत गवत किंवा जुनी गोधडी भरून त्यात अर्धा-पाऊण तास दडवून ठेवा. भात आपल्याच वाफेवर शिजतो. शेगडीची ज्योत निळी असावी. पिवळी दिसली तर बर्नर साफ करा. पिवळी ज्योत म्हणजे पैसा काजळी होऊन भांड्याला लागला.

मंडळी, आता आमचे बोलणे आवरते घेतो. शेवटी मावशींच्या घराचे सांगतो. तो हिशेब अंगणात कोळशाने मांडला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या रस्त्याने गेलो. अंगण सारवलेले होते, पण तो हिशेब तेवढा त्यांनी पुसला नव्हता. त्याच्या बाजूने सारवले होते. त्याखाली वेड्यावाकड्या अक्षरांत एक ओळ वाढली होती : 'खेपा १०'. आम्ही विचारले, "हे कोणी लिहिले?" मावशी पदर तोंडावर घेऊन हसल्या. घरधनी म्हणाले, "तिनंच लिवलं. मी वाचलं."

टाकी त्या घरी अजून आलेली नाही. पण डब्यात रोजचे २० रुपये पडू लागले आहेत. आणि मोळी आणायला आता दोघे मिळून जातात.

तुम्हीही आज घरी जाऊन एवढे करा. पाटीवर चार खाने पाडा. पहिल्यात पैसे लिहा. दुसऱ्यात खेपा लिहा. तिसऱ्यात कोण खोकते ते लिहा. चौथ्यात उद्यापासून काय बदलणार ते लिहा. पुढच्या वर्गाला पाटी घेऊन या. आपण सगळे मिळून वाचू.

रामराम.